जेद्दाची पहिली एफ-वन रेस: कोण कोण बघणार आहे?

रात्रपाळी (धागाकर्ता), ३ डिसेंबर २०२१

येत्या रविवारी रात्री अकराला (आपल्या वेळेनुसार) सौदी अरेबियातली पहिलीवहिली फॉर्म्युला वन रेस आहे. मोसमातल्या दोनच रेस उरल्यात, विजेतेपदाच्या लढतीत वर्स्टॅपेन हॅमिल्टनच्या जेमतेम आठ गुणांनी पुढे. ट्रॅक तांबड्या समुद्राच्या काठाने ६.१७४ किलोमीटर, २७ वळणं, दोन्ही अंगांना भिंती, आणि तरी सरासरी वेग ताशी २५० च्या आसपास. एरवी अशा रेससाठी मी सोमवारची रजा आधीच टाकून ठेवली असती. या वेळी मन लागत नाहीये.

कारण सगळ्यांना माहीत आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला सौदी राजवटीवर टीका करणारे पत्रकार जमाल खशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत रियाधजवळ दिरियाला फॉर्म्युला ई (विजेच्या गाड्यांची रेस) धावली. २०२० ला डकार रॅली तिकडे गेली, त्याच वर्षी मार्चमध्ये सौदीची सरकारी तेल कंपनी अरामको एफ-वनची जागतिक प्रायोजक झाली आणि नोव्हेंबरात जेद्दाची घोषणा. यजमानपदाची फी वर्षाला साडेपाच कोटी डॉलरच्या पुढे असल्याचं छापून आलंय. या ऑक्टोबरात न्यूकॅसल युनायटेडही सौदी निधीने घेतला.

पण माझ्या डोक्यात रुतून बसलीय ती वेगळीच तारीख, २४ जून २०१८. त्या दिवशी सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, आणि त्याच दिवशी फ्रेंच ग्रां प्रीच्या आधी पॉल रिकार्डला असील अल-हमद या सौदी बाईंनी एफ-वनची जुनी गाडी चालवून दाखवली. टाळ्या, फोटो, कॉमेंटेटरचा भरून आलेला गळा. मीही टीव्हीसमोर बसून खूश झालो होतो. बायकांच्या गाडी चालवण्याच्या हक्कासाठी लढणारी लुजैन अल-हथलूल मात्र त्या दिवशी तुरुंगात होती. गाडी चालवत सीमेवर आली म्हणून तिने २०१४-१५ मध्ये ७३ दिवस कोठडी भोगली होती, आणि बंदी उठायच्या महिनाभर आधी तिला बाकीच्या बायकांसोबत पुन्हा उचललं. सुटली ती या वर्षी १० फेब्रुवारीला. देशाबाहेर जायला अजून बंदीच.

हॅमिल्टन काल उघड बोलला की इथे त्याला मोकळं वाटत नाही, आणि कतारमधलं इंद्रधनुषी (समलिंगींच्या हक्कांसाठीचं) हेल्मेट तो इथेही घालणार आहे. दुसरा ड्रायव्हर फेटल, त्याने तिथल्या सात-आठ मुली-बायका जमवून गो-कार्टिंग ठेवलं. दोघांचंही कौतुक. पण रेस होणारच आहे. तुम्ही बघणार का?

---

टायरवाला, ४ डिसेंबर

बघणार, पॉपकॉर्न घेऊन बघणार. चीनमध्ये रेस झाली तेव्हा कोणाला मानवी हक्क आठवले नाहीत. अबू धाबीला तर पुढच्या रविवारी जायचंच आहे. हॅमिल्टनला एवढं वाटतं तर त्याने घरी बसावं की. खेळात राजकारण आणलं की खेळही जातो आणि राजकारणही सुधारत नाही.

---

झणझणीत, ४ डिसेंबर

+१. पेट्रोल भरताना कोणी विचारतं का, "दादा, हे कुठल्या विहिरीतलं?"

---

मेघना_प, ४ डिसेंबर

टायरवाला, राजकारण खेळात आपण आणत नाही हो, ते तिकीट काढूनच आत आलेलं असतं. सरकारी पैशातून ट्रॅक उभा राहतो, क्रीडामंत्री राजघराण्यातला, मोटरस्पोर्ट महासंघाचा अध्यक्ष राजघराण्यातला. त्यांना रेस कशासाठी हवी आहे?

आणि घरी बसायचं म्हणाल, तर बसलेत लोक. १९८५ ला वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला रेस होती. रेनो आणि लिजिए हे दोन फ्रेंच संघ गेलेच नाहीत. रेस झाली, मॅन्सेल जिंकला, पण त्यानंतर एफ-वन तिकडे फिरकली ती थेट १९९२ ला. एक ड्रायव्हर बसला तर त्याच्या जागी दुसरा बसतो. अख्खा संघ बसला की यादीत भोक पडतं, आणि ते टीव्हीवर दिसतं.

---

अप्पा_सातारकर, ४ डिसेंबर

माझा प्रश्न वेगळा आहे. आपण कुठल्या तोंडाने बोलतोय?

३० ऑक्टोबर २०११ ला मी ग्रेटर नोएडाला होतो, बुद्ध सर्किटवर, पहिल्या इंडियन ग्रां प्रीला. शुक्रवारी सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं, त्यावर जगभर हसले, आपणही हसलो. स्टँडमधून मागे वळून पाहिलं तर दूरवर नुसती मोकळी, सपाट केलेली जमीन आणि धूळ. ती कोणाची होती? त्याच वर्षी मे महिन्यात यमुना एक्स्प्रेसवेच्या पट्ट्यात भट्टा-परसौलला जमिनीच्या मोबदल्यावरून गोळीबार झाला, शेतकरी मेले, पोलीसही मेले. सर्किटच्या आसपासच्या गावांनी रेस अडवायचा इशारा दिला होता. आत आम्ही फेटलला टाळ्या वाजवत होतो. मला तेव्हा हे काही टोचलं नव्हतं, आणि त्या स्टँडमध्ये कोणालाच टोचलं असेल असं वाटत नाही. सौदी आहे, अरब आहेत, म्हणून आपल्याला नैतिकतेचा उमाळा येतो का?

---

मेघना_प, ४ डिसेंबर

अप्पा, मुद्दा मान्य. पण एक फरक राहतोच. भट्टा-परसौल तुम्हाला माहीत आहे, कारण ते पहिल्या पानावर आलं. ग्रेटर नोएडातल्याच शाहबेरीचं भूसंपादन रद्दच राहील असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलैमध्ये सांगितलं. रेसला दिलेल्या करमणूक करमाफीविरुद्ध जनहित याचिका झाली आणि तिकिटाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा आदेश निघाला. न्याय झाला असं मी म्हणत नाही. पण कोर्टाची पायरी चढता येत होती, आणि चढणाऱ्याला कोणी दहशतवादविरोधी न्यायालयात उभं केलं नाही. लुजैनवरचा खटला अशाच न्यायालयात चालला.

---

स्लिपस्ट्रीम, ४ डिसेंबर

बहरीन विसरलात का सगळे? जेद्दाला पुढे काय होणार ते तिथे आधीच होऊन गेलंय.

२००४ ला आखातातली पहिली एफ-वन रेस तिथे झाली. शूमाकर जिंकला, पोडियमवर गुलाबपाणी, सगळीकडे वाहवा. २०११ च्या फेब्रुवारीत मनामाच्या पर्ल चौकात लोक उतरले, रणगाडे आले, माणसं मेली, आणि मार्चच्या रेसवर युवराजांनीच पाणी सोडलं. गंमत पुढे आहे. जूनमध्ये एफआयएने (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) ठरवलं की बहरीन ३० ऑक्टोबरला घेऊ, आणि त्या दिवशीची इंडियन ग्रां प्री डिसेंबरात ढकलू. अप्पा, तुमचं तिकीट थोडक्यात वाचलं! संघांनी हात वर केले म्हणून आठवड्याभरात बेत गुंडाळावा लागला.

२०१२ ला मात्र रेस झालीच. आणि तिथे आपला (म्हणजे मल्ल्या आणि सहाराचा) फोर्स इंडिया संघ सापडला. बुधवारी रात्री सर्किटवरून मनामाला परतताना संघाच्या चार जणांची गाडी रस्त्यात अडकली, आजूबाजूला पेट्रोल बॉम्ब फुटत होते. दोघांनी थेट घरचं विमान पकडलं. शुक्रवारी संघाने दुसरं सराव सत्र सोडलं, का तर अंधार पडायच्या आत हॉटेल गाठायचं होतं. सत्र सोडलं हेही एकवेळ समजू. शनिवारी पात्रता फेरीत मी डोळे फाडून बघत होतो, आणि फोर्स इंडियाची गाडी पडद्यावर येईचना. त्यांचा ड्रायव्हर डी रेस्टा पहिल्या दहात पोचला तरी कॅमेरा त्याच्याकडे वळायला तयार नाही. थेट प्रक्षेपणाची सूत्रं एफ-वनच्याच हातात असतात, एवढंच सांगतो.

त्याच शनिवारी शखूरा गावात एका छपरावर सलाह अब्बास हबीब या निदर्शकाचा मृतदेह सापडला. रविवारी रेस झाली, फेटल जिंकला, डी रेस्टा सहावा.

मग बहरीनसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ओईसीडी (प्रगत देशांची आर्थिक संघटना) हिच्या नियमांखाली ब्रिटिश सरकारच्या कार्यालयाकडे तक्रार नेली, ती लावून धरली, आणि २०१५ ला एफ-वनने मानवी हक्कांचा आदर करण्याचं निवेदन काढलं. तीन वर्षांनी नजाह युसुफ नावाच्या बाईंना तीन वर्षांची शिक्षा झाली. ज्या फेसबुक पोस्टवरून झाली, त्यांत २०१७ च्या रेसला विरोध होता. निवेदन तेव्हाही जागेवरच होतं.

---

टायरवाला, ४ डिसेंबर

एवढं सगळं माहीत असूनही तुम्ही दर वर्षी बहरीन बघता ना? झालं तर मग.

---

स्लिपस्ट्रीम, ४ डिसेंबर

बघतो. म्हणूनच एवढं माहीत आहे.

---

दर्यावर्दी, ५ डिसेंबर

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. मी जेद्दातच असतो, मूळ गाव खेड तालुक्यात. एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर आहे. इथून लिहितोय, तेव्हा बेतानेच लिहीन, समजून घ्या.

खशोगींवर, लुजैनवर बोलताय ते बोलाच. पण हा ट्रॅक बांधला कोणी, हे अजून एकाही प्रतिसादात आलेलं नाही.

एप्रिलच्या सुमारास काम सुरू झालं आणि डिसेंबरात रेस. म्हणजे अख्खा उन्हाळा त्यात गेला. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. ती बऱ्यापैकी पाळतात, कारण तपासणीला माणसं येतात. पण जेद्दाचा खरा जाच दमटपणाचा. ऑगस्टात रात्री दहालाही शर्ट पिळून निघतो. दुपारची बंदी म्हणून काम रात्रीत ढकललं. आमच्या कॅम्पमधली काही पोरं कॉर्निशवर (समुद्रकाठचा रस्ता, ट्रॅक तिथेच आहे) होती. बिहारची, बंगालची, नेपाळी, बांगलादेशी, दोन आपल्या रत्नागिरीकडची. शेवटच्या महिन्यात पाळी संपवून पोरगा बसमध्ये टेकायचा, तेवढ्यात फोरमन खिडकीवर थाप मारायचा, "उतर, माणूस कमी आहे." टीव्हीवर जे एलईडी दिवे दिसतील ना, त्यांच्या खालच्या केबलच्या चरात ही पोरं होती.

टाइमशीट माझ्या हातात असतं म्हणून सांगतो. मूळ पगार बँकेतून जातो, तो सरकारला दिसतो, त्यामुळे तारखेला होतो. ओव्हरटाइम मी तास न् तास लिहितो आणि तो "पुढच्या महिन्यात बघू" या खात्यात पडतो. आमचा मालक म्हणतो वरच्याने दिले नाहीत, वरचा त्याच्या वरच्याकडे बोट दाखवतो. एका पोराने हिय्या करून ऑफिसात जाऊन मागितले, तर त्याला हुरूब लावायची धमकी मिळाली. हुरूब म्हणजे कफीलने (ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक) माणूस पळून गेला अशी नोंद करायची. ती झाली की इकामा (राहण्याचा परवाना) बाद, दिसेल तिथे धरतात.

या वर्षी मार्चपासून नियम बदललाय. वर्ष भरलं की कफीलला न विचारता नोकरी बदलता येते, घरी जायचं तर परवान्याचा अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो. घरकामाच्या बायका आणि घरगुती ड्रायव्हर यातून वगळलेत. तरी बदल मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात (कायद्याने ठेवता येत नाही, "सांभाळायला" ठेवतात), मुंबईच्या एजंटचं कर्ज अजून डोक्यावर, बहिणीचं लग्न काढलेलं. कोण बदलतंय नोकरी?

आणखी एक. आमच्या क्लिनिकची मल्याळी नर्स आता स्वतःची गाडी घेऊन येते. पूर्वी तिच्या पगारातला मोठा तुकडा ड्रायव्हर खायचा. सगळं ढोंग आहे असं म्हणणाऱ्यांनी तिलाही विचारावं.

---

रात्रपाळी, ५ डिसेंबर

दर्यावर्दी, मनापासून आभार. मी धागा काढताना ड्रायव्हर, राजपुत्र आणि कार्यकर्ते एवढ्यांचाच विचार केला होता. एफ-वनवाले सांगतात की करारात मानवी हक्कांचं कलम आहे आणि ते मोडलं तर रेस काढून घेता येते. ते कलम तुमच्या टाइमशीटपर्यंत पोचतं का, हे कोण तपासणार?

---

दर्यावर्दी, ५ डिसेंबर

आमच्यापर्यंत हेल्मेटची तपासणी पोचते. डोक्यावर आहे का, पट्टा लावलाय का. ती कडक असते.

---

झणझणीत, ५ डिसेंबर

वरचा प्रतिसाद वाचून माझा पेट्रोलचा विनोद मलाच बेचव लागतोय. असो. रेस बघतोय.

---

अप्पा_सातारकर, ६ डिसेंबर, पहाटे

कसली रेस ती! दोन लाल बावटे (म्हणजे दोनदा रेस थांबवली), तीनदा जागेवरून सुरुवात, वर्स्टॅपेनचा मधेच ब्रेक आणि हॅमिल्टन मागून आदळला. रेसचे संचालक मासी साहेब रेडिओवर वर्स्टॅपेनच्या रेड बुल संघाशी जागेवरून असा भाव करत होते की मंडईतली मावशी परवडली. हॅमिल्टन जिंकला, दोघांचे गुण ३६९.५, बरोबरी. अवांतर: जस्टिन बीबर गायला म्हणे. खशोगींची वाग्दत्त वधू हातिजे चेंगिझ हिने "जाऊ नकोस" म्हणून त्याला वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिलं होतं.

---

मेघना_प, ६ डिसेंबर

आणि आज सकाळी सगळीकडे बातम्या त्या ब्रेकच्या. पैसे वसूल झाले की त्यांचे.

दर्यावर्दी, रत्नागिरीच्या पोरांचे ओव्हरटाइमचे पैसे मिळाले की इथे नक्की सांगा.

---

स्लिपस्ट्रीम, २६ मार्च २०२२

धागा वर काढतोय. चारच महिन्यांत एफ-वन पुन्हा जेद्दात आहे. १२ मार्चला सौदीने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला. आणि काल पहिलं सराव सत्र चालू असताना येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र अरामकोच्या तेलडेपोवर पडलं, ट्रॅकपासून साधारण पंधरा किलोमीटरवर. वर्स्टॅपेन रेडिओवर विचारत होता, जळाल्याचा वास येतोय, माझी गाडी आहे का? आग अरामकोची, आणि ट्रॅकभर पाट्याही अरामकोच्या.

रात्री ड्रायव्हर खोलीत बसले ते पहाटे दोनच्या पुढेच उठले. चार तासांहून जास्त. शेवटी रेस होणार. दर्यावर्दी, ठीक आहात ना?

---

टायरवाला, २६ मार्च २०२२

या वेळी मीही म्हणतो, परत यायला हवं होतं. क्षेपणास्त्र पडतंय आणि हे टायर गरम करतायत.

---

मेघना_प, २६ मार्च २०२२

म्हणजे ८१ माणसांनी जे झालं नाही ते धुराने झालं. टोमणा तुम्हाला नाही, ड्रायव्हरांनाही तोच लागू आहे. चार तासांची बैठक स्वतःच्या जिवासाठी होती. असायलाच हवी. पण अब्दुल्ला अल-हुवैती, चौदाव्या वर्षी पकडलेला आणि फाशीची शिक्षा झालेला मुलगा, त्याच्या घरच्यांनी हॅमिल्टनला पत्र लिहिलंय. त्या पत्रावर अशी बैठक बसली असती तर?

---

दर्यावर्दी, २७ मार्च २०२२

मी ठीक आहे. धूर आमच्या कॅम्पच्या गच्चीवरून दिसत होता, रात्रभर. काम मात्र शनिवारी नेहमीच्या वेळेलाच सुरू झालं. आमची बैठक वगैरे काही नाही.

इथे सध्या वेगळंच चालू आहे. दक्षिण जेद्दातल्या जुन्या वस्त्या पाडतायत, घुलैल, नुजला, अशा साठेक मोहल्ल्यांची यादी आहे. भिंतीवर लाल रंगात "इखला" लिहिलं की घर रिकामं करायचं. हे रेससाठी नाही, शहराच्या नव्या योजनेसाठी आहे, उगाच एकात एक मिसळू नका. पण तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारे येमेनी, आफ्रिकी, बर्मी लोक आहेत, आणि भरपाई फक्त सौदी नागरिकांना. टीव्हीवर कॉर्निश दिसतो. तिथून गाडीने थोडं खाली या, ढिगारे सुरू.

मेघनाताई, तुम्ही विचारलं होतंत. एकाचे पैसे मिळाले, पूर्ण नाही, पण बरेचसे. दुसरा फेब्रुवारीत एक्झिट मारून गावी गेला, त्याचे बुडाले. तो आता दाभोळला मासेमारी बोटीवर आहे.

---

अप्पा_सातारकर, २८ मार्च २०२२

वर्स्टॅपेन जिंकला, लक्लेर दुसरा. पुढची मेलबर्न.

दर्यावर्दी, एक कामाचं विचारतो. माझ्या शेतावरच्या माणसाचा मुलगा सौदीला निघालाय, दहावी नापास. एजंट दीड लाख मागतोय. नवीन सर्किट रियाधजवळ किद्दियाला होणार, तिथे काम आहे असं सांगतो.

---

दर्यावर्दी, २८ मार्च २०२२

अप्पा, दीड लाख देऊ नका. नोंदणीकृत एजंटला भारतीय नियमाने तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा, तिथेच निम्मे एजंट गळतात. दहावी नापास म्हणजे त्याचा ईसीआर पासपोर्ट (परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी लागते तो) असणार, त्यामुळे करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढलाच पाहिजे. एजंटचा नोंदणी क्रमांक तिथेच तपासता येतो. व्हिजिट व्हिसावर चल म्हणाला तर निघून या.

करारात मूळ पगार वेगळा लिहून घ्या, जेवण-भत्ता धरून एकच आकडा नको. सौदी कायद्याने ओव्हरटाइमला तासाच्या पगारावर मूळच्या निम्मं जास्त मिळतं, आणि ते मूळ पगारावर मोजतात, म्हणून मूळ कमी दाखवतात. निघायच्या आधी पासपोर्ट, व्हिसा, करार, सगळ्याचे फोटो मुलाच्या आईच्या फोनमध्ये ठेवा. आणि इथे आल्यावर स्वतःचे तास स्वतःच्या वहीत रोज लिहायचे म्हणावं, तारीख घालून. माझ्यासारख्याच्या टाइमशीटवर विसंबू नकोस म्हणून सांगा त्याला. नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.